घोडे नेमके कुठे पेंड खाते

चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या आसपास धाडलेले पत्र मराठीच्या प्रत्येक अध्यापकाला ठाऊक असते. आम्ही दोघे, म्हणजे हे टिपण लिहिणारे पती-पत्नी, दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो आणि गेली अनेक वर्षे हे पत्र शिकवीत आलो आहोत. रयतेला उपद्रव देऊ नका, या आशयापाशी आम्ही नेहमी थांबत असू. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत 'प्रजाहितदक्ष राजा' असे लिहीत, आम्ही गुण देत असू, आणि पत्र संपत असे. परंतु त्या पत्राचा अर्धाअधिक भाग घोड्यांच्या दाण्यागवताविषयी आहे, ही गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर असूनही आम्हाला दिसली नव्हती. पावसाळ्याच्या बेगमीचा पुष्कळ दाणा आधीच खर्च झालेला आहे. उरलेला असेल तोवर बेबंद चाराल, संपल्यावर पडत्या पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज त्यात बजावतात. गेल्या वर्षी आम्ही हे पत्र पुन्हा वाचले तेव्हा या जागेवरून पुढे सरकवेना. त्याचे कारण एक घोडी.

मराठीच्या दोन प्राध्यापकांनी घोडी बाळगावी हे ऐकून स्नेहीजन हसतात, आणि ते रास्तच आहे. आमची मुलगी घोडेस्वारी शिकत होती. शर्यतीतून बाद झालेली एक घोडी, पायाचा स्नायुबंध दुखावलेली, वय वर्षे आठ, जवळजवळ फुकटात मिळत होती. शर्यतीच्या घोड्यांची कारकीर्द चार-सहा वर्षांची असते आणि आयुष्य मात्र पंचवीस-पंचवीस वर्षांचे. मधल्या काळात त्यांचे काय होते हा प्रश्न पैजा लावणाऱ्यांना पडत नाही. मुलीने तिचे नाव 'ठकी' ठेवले. ठकले कोण, हे पुढे यायचेच आहे.

शहराबाहेर एक पागा होती. तीत दरमहा ठराविक रक्कम भरून घोडे ठेवता येत असे. ठाण, ओला-सुका चारा, दोन वेळची चंदी, मोतद्दाराची सेवा आणि ठरल्या मुदतीने नालबंदी, एवढे त्यात येई. डॉक्टरचा खर्च वेगळा. सगळे तोंडी ठरले. पागेचे चालक मोठे गोड बोलत. त्यांच्या तोंडी खरारा, तोबरा, अगाडी-पिछाडी असे शब्द सहज येत, आणि आम्ही तर शब्दांवरच जगणारी माणसे. जुना शब्द कानी पडला की आमचा संशय मावळतो. 'प्राध्यापकसाहेब, तुमची लेक ती आमची लेक' असे ते म्हणत, आणि लेक म्हणजे ठकी की आमची मुलगी हे त्या वाक्यात मोघम राही. महाभारतात नकुल विराटाकडे खोट्या नावाने जातो, ग्रंथिक म्हणून अश्वशाळेत राहतो आणि काम मात्र सचोटीने करतो. आमच्या वाट्याला याच्या नेमके उलट आले.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारे जाणते लोक जनावराच्या अंगावरचे भोवरे तपासतात. कोणता शुभ, कोणता अशुभ, यावर घासाघीस चालते. पागेचे भोवरे तपासण्याची विद्या मात्र कोणी शिकवीत नाही. आम्ही रविवारी सकाळी जात असू. ठकी बाहेर बांधलेली असे, अंगावर नुकताच खरारा झालेला, खुरांना तेल लावलेले. जून संपता संपता तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. चालक म्हणाले, 'पावसाळ्यात घोडी उतरतातच.' पुढच्या खेपेस म्हणाले, 'शर्यतीची जात, अंगाने किडकिडीतच.' त्यापुढे, 'दात घासून घ्यायला झालेत.' वाचकांनी ध्यानात घ्यावे की यांतले प्रत्येक विधान सुटे घेतले तर खरे आहे. घोड्यांच्या दाढांना कंगोरे येतात, त्यामुळे चावणे बिघडते आणि त्या वेळोवेळी घासाव्या लागतात, हे कोणताही पशुवैद्य सांगेल. आम्ही वर्गात शिकवतो की असत्य हे असत्य विधानात असते. येथे खऱ्या विधानांची रांग लावून असत्य उभे केलेले होते, आणि त्याला आव्हान द्यावे असा एकही शब्द आमच्यापाशी नव्हता.

शब्द नव्हता, पण टेप होती. एका पशुवैद्य स्नेह्याने सांगितले की काटा नसला तरी घोड्याचे वजन काढता येते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. किलोग्रॅममध्ये अंदाज मिळतो. घोडी आणली तेव्हा त्याच स्नेह्याने घेर १८० व लांबी १६५ अशी नोंद केलेली होती. म्हणजे ४५० किलो. ऑगस्टमध्ये घेर १७० भरला. गणित केले तर ४०१. एकूणपन्नास किलो घोडी कुठे गेली, या प्रश्नाला 'पावसाळा' हे उत्तर पुरत नाही. एवढ्या अंगाच्या घोडीला दिवसाकाठी सात ते नऊ किलो सुका चारा लागतो, पाणी तीसेक लिटर, उन्हाळ्यात त्याहून बरेच अधिक. घोड्याचे पोट लहान, आतडे लांब. त्याला थोडेथोडे सतत खावे लागते, आणि त्याला ओकता येत नाही. म्हणून उपाशी ठेवून एकदम भरपूर घातले तर पोटशूळ उठतो, आणि त्यात घोडे जाते. हे सगळे आम्ही त्या ऑगस्टमध्ये शिकलो. घोडी आणण्यापूर्वी शिकायला हवे होते.

मग एका बुधवारी विद्यापीठाचा पेपर पुढे ढकलला गेला आणि आम्ही न कळवता पागेत गेलो. ठकी ठाणावर नव्हती. ठाणातली बादली कोरडी होती. खालचे गवत दोनतीन दिवसांचे असावे; लघवीच्या वासाने डोळे चुरचुरले. ठकी मागच्या मैदानात होती आणि तिच्या पाठीवर एक अनोळखी मुलगा शिकवणी घेत होता. आमच्या घोडीची फी आम्ही भरत होतो आणि आमच्याच घोडीच्या शिकवणीची फी चालक त्या मुलाच्या आईबापांकडून घेत होते. दुखावलेला पाय तिने उचलून धरला तेव्हा खुराच्या तळाशी काळा, कुजका ओलसरपणा दिसला. ओल्या शेणात उभ्या राहणाऱ्या घोड्यांना तो होतो, आणि एकदा त्याचा वास घेतला की विसरत नाही.

मोतद्दार पोरसवदा होता. चालक जागेवर नव्हते. तो आधी गप्प राहिला, मग मान खाली घालून म्हणाला, 'मॅडम, चंदी एकीचीच येते. मी तिघींत वाटतो.' दुसऱ्या एका घोडीच्या मालकाने काही महिने पैसे धाडले नव्हते, तिसरी पागेची स्वतःची म्हातारी घोडी होती, आणि चालकांनी दोघींचा दाणा बंद केला होता. 'उपाशी तोंडासमोर एकीलाच कसं घालू सर?' असे त्याने विचारले. या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही, आणि पुढेही नाही.

ॲना स्यूएलची 'ब्लॅक ब्यूटी' ही कादंबरी १८७७ साली आली. आपल्याकडे तिची गणना मुलांच्या पुस्तकांत होते. लेखिकेच्या मनात मात्र घोड्यांशी काम पडणारी मोठी माणसे होती. तिच्यात एक भला गृहस्थ डॉक्टरच्या सल्ल्याने घोडा घेतो, जवळच एक तबेला भाड्याने घेतो आणि मोतद्दार नेमतो. खुराकासाठी तो हात आखडत नाही, तरी घोडा वाळत जातो. एका मित्राच्या ते ध्यानात येते, पाळत ठेवली जाते, आणि मोतद्दाराचा मुलगा ओटचा दाणा टोपलीतून सशांसाठी घरी नेताना सापडतो. बाप तुरुंगात जातो. त्याच्या जागी येणारा दुसरा मोतद्दार चोर नसतो, नुसता आळशी असतो. दिसायला छान, वागायला गोड, आणि घोड्याचे पाय कुजेपर्यंत खालचा पेंढा न बदलणारा. हे दोन प्रसंग लागोपाठ ठेवण्यात लेखिकेची समज दिसते. चोरी पकडता येते, कारण तिला टोपली असते. हयगयीला टोपली नसते.

मात्र एका बाबतीत आमचा अनुभव या कादंबरीहून वेगळा पडला. तिथे दोष नोकराचा आहे आणि मालक भोळा आहे. आमच्या पागेत दाण्याच्या हिशेबात प्रामाणिक असलेला एकमेव माणूस तो मोतद्दार होता, आणि त्याचा पगारही दोन महिने थकलेला होता. चालकांना आम्ही जाब विचारला तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता त्याच्याकडेच बोट दाखवले: 'ही पोरं चंदी विकतात हो.' आम्ही खरे काय ते जाणत होतो म्हणून बरे. एरवी आमच्यासारख्या सुशिक्षितांनी हे किती सहज मानले असते!

आम्ही केलेल्या चुकाही सांगितल्या पाहिजेत, कारण या प्रसंगातून जाणाऱ्याला त्यांचा उपयोग होईल. आम्ही त्याच संध्याकाळी चालकांशी कडाक्याचे भांडलो. त्याआधी पशुवैद्याला नेऊन घोडीची अवस्था कागदावर उतरवून घ्यायला हवी होती, तारखेसह छायाचित्रे काढायला हवी होती, आणि दुसरी जागा ठरवून वाहन दारात उभे करून मगच तोंड उघडायला हवे होते. आमच्या भांडणाचा परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी ठाण लख्ख झाले, ठकीसमोर लसूणघास पडला, आणि चालकांनी 'जादा खुराका'पोटी दोन महिन्यांच्या रकमेइतकी थकबाकी काढून ती मिळेपर्यंत घोडी सोडणार नाही असे सांगितले.

एका वकील मित्राने आमच्यापुढे १८७२ चा करार कायदा उघडून ठेवला. दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या वस्तूला कायद्याच्या मराठीत निक्षेप म्हणतात. तो स्वीकारणाऱ्याने सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे, असे कलम १५१ सांगते. कायद्याच्या पुस्तकात आम्हाला वाङ्मयीन आनंद मिळेल असे वाटले नव्हते, पण त्यातली उदाहरणे वाचनीय आहेत. कलम १५४ खाली एक मनुष्य कलकत्त्यात घोडा भाड्याने घेतो, बनारसला जाण्यासाठी, आणि जातो कटकला. तो नीट काळजीने स्वारी करतो, तरी घोडा पडून जखमी होतो. भरपाई त्यालाच द्यावी लागते, कारण घोडा त्या कामासाठी दिलेला नव्हता. दुसऱ्या उदाहरणात स्वतः बसण्यासाठी घेतलेल्या घोड्यावर तो घरच्या माणसाला बसू देतो. तिथेही तोच न्याय. आमच्या ठकीच्या पाठीवरचा तो अनोळखी मुलगा या दोन उदाहरणांमध्ये कुठेतरी चपखल बसत होता. कलम १६३ मध्ये सांभाळायला दिलेली गाय व्याली तर वासरूही परत द्यावे लागते. आणि वस्तू अडकवून ठेवण्याच्या हक्काविषयीच्या कलम १७० खाली हिऱ्याला पैलू पाडणारा आणि कापडाचा कोट शिवणारा शिंपी येतात. म्हणजे वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्चून तिच्यात काही भर घालणारे. नुसते सांभाळणारा त्यांत बसत नाही आणि एकूणपन्नास किलो कमी करून देणारा तर नाहीच, असे मित्राचे मत पडले. तरी त्याने सल्ला दिला की पैसे भरा, 'हरकत राखून' असे पावतीवर लिहा, आणि घोडी बाहेर काढा. भांडण मागाहूनही करता येते, घोडी मागाहून वाचवता येत नाही. आम्ही तसेच केले. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग त्यामुळे बंद होत नाही, हेही येथे नमूद करतो.

फौजदारी बाजू अधिक खेदजनक आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा त्यात गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याची शिक्षा दहा ते पन्नास रुपये दंड. एका दिवसाच्या चंदीहून गुन्हा स्वस्त! जनावर ठार वा निकामी केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण त्यासाठी ते आधी ठार किंवा निकामी व्हावे लागते. याउलट कौटिल्याचा अश्वाध्यक्ष आठवावा. त्याने प्रत्येक घोड्याचे कुळ, वय, वर्ण, खुणा आणि तो कुठून आला हे लिहून ठेवायचे. उपचारात हयगय होऊन आजार वाढला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि वाईट परिणाम झाला तर जनावराच्या किमतीइतका. त्या काळच्या राज्याला घोडा हवा होता म्हणून ही काळजी, हे आम्हाला मान्य आहे. कौटिल्याला भूतदयेचा पुतळा करण्याची आमची इच्छा नाही. पण हयगयीला किंमत असावी आणि ती जनावराच्या किमतीशी बांधलेली असावी, एवढे त्याला कळत होते.

१९६० च्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. त्यात 'मालक' या शब्दाच्या व्याख्येत खरा मालक तर येतोच, शिवाय जनावर ज्याच्या ताब्यात आहे तोही येतो. म्हणजे ठकी उपाशी होती त्या महिन्यांत तिचे मालक दोन होते, आणि त्यांतले एक आम्ही. आम्ही आठवड्यातून एकदा जात होतो, रविवारी, ठरलेल्या वेळी. आमच्या महाविद्यालयात मूल्यांकन समिती येते तेव्हा भिंती रंगतात, फायलींना नवे पुठ्ठे लागतात, आणि कधी न झालेल्या सभांची इतिवृत्ते तयार होतात. त्या समितीला आम्ही जे दाखवतो तेच आम्हाला पागेत रविवारी दाखवले जात होते, आणि इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही आम्हाला ते ओळखता आले नाही. की ओळखायचे नव्हते? न कळवता जाणे म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे असभ्यपणा, असे आमच्या पांढरपेशा संस्कारात बसलेले आहे.

एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या एका सहकाऱ्याने घेतलाही. शेतकऱ्याचे बैल दुष्काळात छावणीत उभे असतात तिथे एका हौशी घोडीचे एवढे काय? आक्षेप गंभीर आहे. परंतु शेतकऱ्याचा बैल आणि माथेरानच्या घोडेवाल्याचे घोडे ज्याच्या दारात उभे असते त्याचेच पोट त्यावर चालते. जनावर वाळले तर त्याला ते सर्वांआधी दिसते, त्याच्याजवळ घालायला काही नसले तरी. आमच्या व्यवस्थेत घोडी एकाची, देखभाल दुसऱ्याची, कष्ट तिसऱ्याचे, आणि पाठीवर चौथाच. चौघांपैकी कोणालाही तिच्या पोटाचा हिशेब पुरा माहीत नाही. हौस हा शब्द आम्ही नाकारत नाही. पण हौसेने आणलेल्या जनावराला हौसेने भूक लागत नाही.

म्हणूनच आम्ही पुन्हा त्या चिपळूणच्या पत्राकडे येतो. सभासदाच्या बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद सांगितला आहे. पत्रात तर याहून बारीक तपशील येतात: कोणी चुली पेटवतील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेतील, रात्री जळती वात उंदीर ओढून नेईल, गवताला आग लागेल. राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावर असलेला राजा उंदराने ओढलेल्या वातीचा विचार करतो आहे! आम्ही हा भाग 'वास्तवदर्शी शैली' म्हणून शिकवत असू. तो शैलीचा भाग नाही. घोडे बोलणार नाही, म्हणून आधीच मोजून ठेवायचे, कोठारात किती आहे आणि पाऊस किती दिवस आहे याचा मेळ घालायचा. तसा तो घातला नाही तर 'मेली' असे म्हणू देणार नाही, 'तुम्ही मारली' असेच म्हणेन, हा त्या पत्राचा व्याकरणनियम आहे. अकर्मक क्रियापद तिथे चालत नाही. आमच्या पागेच्या चालकांची सगळी भाषा मात्र अकर्मक होती: घोडी उतरली, चारा संपला, पाय बिघडला. पुढच्या सत्रात हे पत्र आम्ही याच अंगाने शिकवणार आहोत, परीक्षेत प्रश्न येवो न येवो.

ठकी आता दुसरीकडे आहे. तिथल्या बाईंशी दोन पानी करार केला: चारा किलोत, चंदी किलोत, नालबंदी दर सहा आठवड्यांनी, कोणत्याही दिवशी न कळवता येण्याची मुभा, आमच्या लेखी संमतीवाचून कोणी बसणार नाही. बाईंनी तो शांतपणे वाचला आणि स्वतःहून एक कलम घातले, की मालकाने दोन महिने पैसे दिले नाहीत तर पुढे काय करायचे ते आजच लिहा. आम्हाला ते सुचले नव्हते. डिसेंबरात घेर १७७ भरला.

जुन्या पागेविषयी आम्ही पोलिसांकडे आणि प्राणिरक्षणाचे काम करणाऱ्या एका संस्थेकडे लेखी तक्रार दिली. पाहणी झाली, आधी दूरध्वनी करून. ठाणे स्वच्छ आढळली. मोतद्दार काम सोडून गावी गेल्याचे कळले. त्याचे थकलेले पैसे मिळाले की नाही ते कोणी सांगेना. उरलेल्या दोन घोड्यांपैकी एकीच्या मालकाचा क्रमांक आम्ही मिळवला. ते परदेशी असतात, आणि आमच्या तीन निरोपांना त्यांचे उत्तर आलेले नाही. पागेत चंदी एकीचीच येत होती, ती आमच्या पैशांची, आणि आमच्या घोडीबरोबर ती चंदीही तिथून बंद झाली आहे.